प्लेगच्या साथीतली हजेरी
(मुंबईच्या गिरण्या, १८९६-९७)

प्लेगची साथ शाळेच्या इतिहासात येते ती पुण्याच्या वाटेने. रँडची नेमणूक, सोजिरांनी घेतलेल्या घरांच्या झडत्या, २२ जून १८९७ ची रात्र आणि चाफेकर बंधू. हा भाग मुलांना माहीत असतो. विज्ञानाच्या तासाला प्लेग पुन्हा भेटतो, पण तिथे उंदीर, पिसू आणि जिवाणू असतात, माणसे नसतात. या दोन तासांच्या मध्ये एक प्रश्न राहून जातो. मुंबईसारख्या शहरात हजारो माणसांच्या हातांवर चालणाऱ्या गिरण्या होत्या. ती माणसे जीव वाचवायला गावी निघून गेली, तेव्हा गिरण्यांचे काय झाले? उरलेल्यांना धरून ठेवण्यासाठी मालकांनी काय केले? आणि साथ ओसरल्यावर त्यातले किती शिल्लक राहिले?

हा प्रश्न केवळ मजुरीच्या इतिहासाचा नाही. रोग कसा पसरतो याचे ज्ञान, त्या ज्ञानातल्या उणिवा आणि पोटापाण्याचे व्यवहार एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण आपल्या भागात सापडणे कठीण.

गिरणी आणि गाव

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत गिरण्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली आणि त्यांत काम करणाऱ्यांची संख्या सत्तर हजारांच्या घरात पोचली. यांतले बरेचसे कामगार रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले, उरलेले सातारा, पुणे, अहमदनगर अशा घाटावरच्या भागांतून. पुरुष मुंबईत आणि घरदार गावी, अशी ही वस्ती. शिमग्याला, पेरणीला, गणपतीला माणूस गावी जाई आणि काम संपले की परत येई. गावची जमीन घर पोसायला पुरत नव्हती, आणि मुंबईच्या पगारात कुटुंब आणून राहणे परवडत नव्हते. दोन्ही मिळून कसेबसे भागत होते.

गिरणीत कामगाराची भरती मालक करीत नसे. ती करीत असे मुकादम, म्हणजेच जॉबर. तोच गावाकडून माणसे आणी, साच्यावर उभी करी, बदली माणूस देई आणि या साऱ्याबद्दल दस्तुरीही घेई. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा नव्हती. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांसाठी अकरा तास आणि मुलांसाठी सात तास ठरवून दिले होते. पुरुषांचे काम मात्र साधारणपणे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. आठवड्याची सुटीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये पदरात पडली होती.

पगाराची रीत मात्र इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे. पगार महिन्याने होई, पण महिना संपला की लगेच मिळत नसे. दोन आठवडे, कधी त्याहूनही उशिरा तो हातात पडे. एक साधे गणित करून पाहू. समजा, एखाद्याला महिना १० रुपये मिळतात आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला होतो. १४ तारखेच्या संध्याकाळी त्याचे मालकाकडे किती येणे असेल? मागच्या महिन्याचे १० रुपये आणि चालू महिन्याचे जवळजवळ ५ रुपये. म्हणजे दीड महिन्याची कमाई मालकाच्या तिजोरीत अडकलेली. न सांगता काम सोडले, तर हे पैसे बुडण्याची धास्ती. दरम्यान घर चालायचे ते वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. एक दिवस खाडा केला तर दोन दिवसांचा पगार कापण्याची रीतही कित्येक गिरण्यांत होती.

माणसे टिकवण्याची त्या काळची पद्धत ती हीच. चांगले दिले म्हणून माणूस टिकत नसे. दिलेले नसे, म्हणून तो अडकून राही.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांना काही रोगी वेगळ्याच तापाचे दिसले. जांघेत आणि काखेत गाठी, प्रचंड ताप आणि काही दिवसांत मृत्यू. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान त्यांनी केले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची वखार. धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे पिसवा. आज हे आपल्याला सरळ दिसते. त्या वेळी दिसत नव्हते.

नेमके काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे विद्यार्थ्यांपुढे मांडण्यासारखे आहे. प्लेगचा जिवाणू अलेक्झांडर येर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत शोधला होता. रोग कशाने होतो हे कळले होते. तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात कसा जातो हे मात्र कळले नव्हते. पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत पिसूचा दुवा प्रयोगाने दाखवला तो १८९८ मध्ये. तोही अनेकांनी मान्य केला नाही. १९०५ नंतर मुंबईतच झालेल्या पद्धतशीर संशोधनाने तो पक्का झाला. दरम्यानच्या काळात अधिकाऱ्यांचा रोख घाण, कोंदट हवा, दूषित जमीन आणि रोगी माणूस यांच्यावर होता. गटारे धुतली गेली, घरांना चुना लावला गेला, खोल्यांची छपरे उघडली गेली, रोग्यांना उचलून रुग्णालयात नेले गेले. घर जंतुनाशकाने धुतले की उंदीर शेजारच्या घरात जात, आणि त्यांच्याबरोबर पिसवाही.

शहर रिकामे होते

लोकांना रोगाची भीती होतीच. त्याहून अधिक भीती रुग्णालयाची होती. आत नेलेला माणूस बाहेर येत नाही, हा अनुभव होता. जात, धर्म, घरच्या बायकामाणसांची अब्रू यांची काळजी होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रोग्यांना सक्तीने हलवण्याच्या नियमांना त्यानंतर लगेच मुरड घातली गेली. यामागे एक कारण होते ते नगरपालिकेच्या स्वतःच्या कामगारांचे. शहराचा मैला उचलणारे सफाई कामगार, ज्यांना तेव्हा हलालखोर म्हणत, भीतीने निघून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही धास्ती म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना होती. ज्यांना समाजाने सर्वांत खालची जागा दिली होती, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेने सरकारी हुकूम सैल झाला.

तरीही माणसे गेलीच. आगगाडीने, कोकणच्या आगबोटींनी, गलबतांनी, पायी. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत यांतली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली असावीत, असा अंदाज केला गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि स्टेशनांवर व बंदरांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. ज्यांना गाव होते त्यांना जायला जागा होती. गिरणी कामगाराला गाव होते. इतकी वर्षे मालकांच्या दृष्टीने ही त्याची खोड होती, कारण तो सारखा गावी पळतो. आता तीच त्याची ढाल झाली.

नाक्यावरची बोली

अनेक गिरण्यांत साच्यांच्या रांगाच्या रांगा बंद पडल्या. यंत्रे विकत घेतलेली, कापूस भरलेला, कर्जाचे व्याज चालू, आणि हात नाहीत. मग मालकांमध्ये उरलेल्या कामगारांसाठी चढाओढ लागली. गिरण्यांचे मुकादम सकाळी रस्त्याच्या नाक्यांवर उभे राहून कामगारांना बोली लावू लागले. एका गिरणीने अमुक आणे म्हटले की दुसरीने त्यावर आणे चढवायचे. कामगारांचा नाक्यावर जाहीर लिलाव होतो आहे, अशा शब्दांत त्या वेळच्या मालकवर्गाने याची खंत केली आहे. मालक आणि नोकर यांच्यातला जिव्हाळा तुटला, असेही त्यांचे म्हणणे. जिव्हाळा किती होता, हे आपण मागच्या गणितात पाहिले.

कामगारांनी केवळ जादा दर मागितला नाही. रोजची मजुरी रोज संध्याकाळी हातात, ही त्यांची अट होती, आणि मालकांना ती मान्य करावी लागली. या अटीचे महत्त्व पुष्कळदा नजरेतून सुटते. उद्या आपण जिवंत असू की नाही याची खात्री नसलेल्या माणसाला दीड महिन्यानंतरच्या पगाराची किंमत किती? मेलेल्याचा पगार गिरणीच्या दारात मागायला गावाहून कोण येणार? अडकवून ठेवलेला पगार हा लगाम होता तो उद्याच्या भरवशावर. प्लेगने उद्याचा भरवसाच काढून घेतला आणि लगाम गळून पडला. संध्याकाळी पैसे खिशात असले, की रात्रीची बोट पकडता येत होती. म्हणून गंमत अशी, की जो माणूस केव्हाही जाऊ शकत होता, तोच दुसऱ्या दिवशी कामावर यायला तयार होत होता.

मालकांच्या संघटनेला, म्हणजे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या गिरणीमालक संघाला, ही चढाओढ घातक वाटत होती. एकमेकांचे कामगार ओढू नयेत, रोजची मजुरी देऊ नये, यासाठी खटपटी झाल्या. पण ज्याचे साचे बंद आहेत तो मालक ठराव किती दिवस पाळणार? साथ भरात असेपर्यंत हे जमले नाही. उन्हाळ्यात साथ ओसरली, माणसे परतू लागली, आणि मालकांनी मासिक पगाराची जुनी रीत पुन्हा आणली. त्याविरुद्ध १८९७ मध्ये संप झाले. सर्व कामगारांची एकत्र अशी संघटना नव्हती. लोखंडे स्वतः ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले होते. मासिक पगार परत आला.

पाचशे वर्षांपूर्वीचे इंग्लंड

हे पहिल्यांदाच घडत होते असे नाही. १३४८-४९ मध्ये याच रोगाने इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या नेली. शेते कापायला माणसे उरली नाहीत, मजुरी चढली, बांधलेली कुळे जास्त देणाऱ्या जमीनदाराकडे जाऊ लागली. राजाने १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये संसदेने कायदा केला. मजुरी साथीच्या आधी होती तेवढीच राहील, जास्त मागणाऱ्याला शिक्षा, आणि काम सोडून जाणाऱ्यालाही शिक्षा. पण छुप्या वाटांनी जास्त मजुरी दिली जातच राहिली, कारण देणारे जमीनदारच होते. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडामागे जी खदखद होती, तिच्यात या कायद्याचाही वाटा होता.

दोन्ही ठिकाणी मजूर टंचाई आल्यावर मालकांची पहिली धाव सारखीच दिसते: आपापसांत एकजूट करून दर बांधणे. आणि दोन्ही ठिकाणी ती एकजूट आतूनच फुटते. फरक असा, की इंग्लंडमध्ये मेलेली माणसे भरून यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली, त्यामुळे मजुराचे बळ टिकले. मुंबईत टंचाई मुख्यतः मृत्यूची नव्हती, पळून जाण्याची होती. ती काही महिन्यांत भरून आली. घाटावर १८९६-९७ चा दुष्काळ होता, पुढे १८९९-१९०० चा आला. पोटासाठी शहराकडे येणाऱ्यांना तोटा नव्हता. पुढच्या दोन-तीन दशकांत उत्तर हिंदुस्थानातून येणाऱ्या कामगारांचे प्रमाणही वाढत गेले.

नागपूरची वाट

माणसे टिकवण्याचा दुसरा मार्ग कोणाला माहीतच नव्हता का? होता. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे प्लेग नव्हता, पण गिरणीच्या कामाची सवय नसलेला आणि मन मानेल तेव्हा घरी बसणारा कामगार होता. व्यवस्थापक बेझनजी मेहता आणि टाटा यांनी दंडाऐवजी वेगळे उपाय करून पाहिले. गिरणीत हवा खेळती राहावी आणि ओलावा योग्य राहावा म्हणून यंत्रे बसवली. चांगल्या हजेरीला आणि कामाला बक्षिसे दिली. १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. देशात अपघात भरपाईचा कायदा झाला तो १९२३ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर.

यात दयाबुद्धी किती आणि हिशोब किती, हा वाद करता येईल. मला स्वतःला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पेन्शन हीसुद्धा पुढे ढकललेली मजुरीच आहे. तीही माणसाला बांधूनच ठेवते. पण अडकवलेल्या पगारात माणूस धास्तीने थांबतो, आणि पेन्शनमध्ये आशेने. पहिल्यात मालकाने कामगाराचे पैसे वापरलेले असतात, दुसऱ्यात मालकाने कामगाराच्या म्हातारपणाचा विचार केलेला असतो. साथ आली की धास्तीचा लगाम तुटतो हे मुंबईने पाहिले होते. तरीही तिथल्या गिरण्या साथीनंतर जुन्या रीतीकडेच वळल्या. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले, आणि सूर्यास्तानंतरही गिरण्या चालू लागल्या. दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा यायला १९११ चा कायदा लागला. आणि पगार महिना संपल्यावर ठराविक दिवसांत दिलाच पाहिजे, हे बंधन आले १९३६ मध्ये. प्लेगच्या साली नाक्यावर उभ्या असलेल्या कामगाराने जे मागितले होते, त्याचा एक तुकडा कायद्यात यायला एकोणचाळीस वर्षे गेली.

परळची लस

साथीने मुंबईला दिलेली एक गोष्ट मात्र टिकली. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा जागेत कामाला लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे गिरणगावाच्या ऐन वस्तीत गेली. तीच पुढे १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. लस टोचलेल्याला घर सोडावे लागत नव्हते, की रुग्णालयात सक्तीने जावे लागत नव्हते. माणसाला आहे तिथेच, त्याच्या कामावर, अधिक सुरक्षित करणारा हा त्या काळातला एकमेव उपाय होता. तो सक्तीचा नव्हता, आणि लोकांनी तो हळूहळू स्वीकारला. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टही स्थापन झाला. त्याने जितकी जुनी घरे पाडली त्या मानाने गरिबांसाठी नवी कमी बांधली, म्हणून चाळींतली दाटी दुसरीकडे सरकली इतकेच.

आपल्या वर्गासाठी

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. त्यांत कापड आणि हिऱ्यांच्या धंद्यातले परगावचे कामगार मोठ्या संख्येने होते. मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत, गाड्या बंद असताना, मुंबई-पुण्याचे मजूर महामार्गांवरून चालत निघालेले आपण सर्वांनी पाहिले. त्या वेळी राज्याराज्यांनी वापरलेल्या कायद्यांत १८९७ चा साथरोग कायदाही होता. रोग वेगळे, काळ वेगळा. पण शहरात हातावर पोट आणि गावी घर, ही रचना तीच आहे. संकटात माणूस कुठे राहतो, हे आदल्या वर्षी त्याला कसे वागवले यावर बरेचसे ठरते.

हा विषय आठवी ते दहावीच्या वर्गात तीन प्रकारे घेता येईल. एक, पगाराचे गणित मुलांकडून करून घ्यावे: पगाराची तारीख १, १५ आणि २५ धरली, तर आदल्या दिवशी कामगाराचे येणे किती? उधारीवर महिना दर रुपयाला एक आणा व्याज धरले, तर उशीर कोणाच्या खिशातून जातो? दोन, १८९६ साली ठाऊक असलेल्या आणि नसलेल्या गोष्टींचे दोन रकाने फळ्यावर करावेत, आणि त्या वेळचा प्रत्येक सरकारी उपाय कोणत्या समजुतीवर उभा होता ते मुलांनी शोधावे. उपाय चुकीचा होता एवढे म्हणून थांबू नये. तीन, गावातल्या ज्येष्ठांना विचारावे, की आपल्या घरातले कोण, केव्हा कामासाठी शहरात गेले, आणि कोणत्या प्रसंगी परत आले. कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक घरांत परळ-लालबागची आठवण अजून आहे.

आपण रोज सकाळी हजेरी घेतो. एखाद्या नावापुढे गैरहजर लिहिताना ते मूल का आले नाही, हे विचारण्याची सवय चांगल्या शिक्षकाला असते. १८९७ च्या मुंबईत गिरण्यांचा हजेरीपट जवळजवळ रिकामा झाला होता. त्या रिकाम्या रकान्यांत काय लिहिलेले होते, ते वाचायला मालकांना आणि सरकारला बरीच वर्षे लागली. आपल्या विद्यार्थ्यांना ते आज वाचता येईल.